पोस्टरवर ‘ईझी’ लिहिलंय, पण कोणासाठी? ट्रेक निवडताना नेमकं चुकतं कुठे?

जूनचा पहिला पाऊस झाला की आपल्या मोबाइलवर दोन गोष्टी एकदमच यायला लागतात. पहिली म्हणजे ट्रेकची पोस्टर्स. मागे ढगात बुडालेला हिरवा डोंगर, पुढे हात पसरून उभं असलेलं कोणीतरी, खाली पिकअप पॉइंटची यादी आणि कोपऱ्यात ‘लेव्हल : ईझी टू मॉडरेट’. दुसरी गोष्ट म्हणजे बातम्या. अमक्या धबधब्यावर बंदी, तमक्या गडावर वाट चुकलेल्या तरुणांची पहाटे सुटका, कुठेतरी पाय घसरून मृत्यू.

कधी कधी दोन्हींत जागेचं नाव एकच असतं.

२०२४ चा पावसाळा आठवून बघा. ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मध्ये उभं राहिलेलं ते कुटुंब आणि वाढत जाणारं पाणी हा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्यानंतर काही दिवसांतच, जुलैमध्ये, माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुणी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली. बचाव पथकांनी दोर लावून तिला वर काढलं, पण ती वाचली नाही. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीसकट कोसळला आणि चार जण गेले.

प्रत्येक घटनेनंतर जे होतं ते ठरलेलं आहे. जिल्हाधिकारी आदेश काढतात. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पाण्यात उतरायचं नाही, कड्याच्या टोकावर सेल्फी काढायचा नाही, दारू न्यायची नाही, काही जागी तर जायचंच नाही. मग सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो, सगळं बंद करा. दुसरा म्हणतो, आमच्याच सह्याद्रीत आम्हाला बंदी कसली?

या भांडणात एक साधा प्रश्न राहून जातो. गेलेल्या माणसाने ती जागा निवडली कशी? रील बघून, पोस्टर बघून की कोणाला तरी विचारून? वरच्या तीन घटना रूढ अर्थाने ट्रेक नव्हत्या, हे खरं. भुशीला आणि कुंडमळ्याला तर डोंगर चढावाही लागत नाही. पण जागा निवडायची आपली पद्धत तिथे आणि ट्रेकला एकच आहे. जागेचं नाव ऐकायचं, फोटो बघायचा, निघायचं.

‘ईझी’ ठरवतं कोण?

थोडक्यात उत्तर, पोस्टर बनवणारा. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटांना टी-१ ते टी-६ अशी श्रेणी देतात आणि त्या श्रेणीत किती चाल आहे यापेक्षा वाट कशी आहे, हात वापरावे लागतात का, घसरलात तर काय होईल हे बघतात. वाटेवरच्या खुणांचे रंगही त्यानुसार बदलतात. आपल्याकडे सगळे आयोजक पाळतात अशी एकच मोजपट्टी नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितली. पण इन्स्टाग्रामवर एक पेज आणि एक मिनीबस एवढ्या भांडवलावर शनिवार-रविवारचे ट्रेक अजूनही निघतात. तिथे ‘ईझी’ या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा ‘अजून आठ सीट शिल्लक आहेत’ एवढाच असतो.

बरं, आयोजक प्रामाणिक असला तरी अडचण सुटत नाही, कारण तो त्याच्या पायांनी मोजतो. दर आठवड्याला डोंगरात जाणाऱ्या माणसाला जी वाट सोपी, ती दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याला सोपी असेलच असं नाही.

म्हणून पहिली गोष्ट अशी की गडाचं नाव बाजूला ठेवा आणि वाटेचं नाव विचारा.

एकच गड, पण ट्रेक तीन

हरिश्चंद्रगडाचं उदाहरण सगळ्यात चांगलं. ‘हरिश्चंद्रगड केला’ असं कोणी सांगितलं तर त्यातून त्या माणसाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. पाचनईतून गेला असेल तर दोन-अडीच तासांची, फारशी अवघड नसलेली चाल. पाचनई घाटमाथ्यावर आहे, म्हणजे बरीचशी उंची तुमच्या गाडीनेच गाठलेली असते. खिरेश्वरकडून तोलार खिंडीतून गेला असेल तर चाल लांबते आणि खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो. आणि बेलपाड्यातून नळीच्या वाटेने गेला असेल तर विषयच वेगळा. बेलपाडा आहे कोकणात, कड्याच्या पायथ्याशी. तिथून मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेल्या घळीतून तास न् तास चढायचं, मध्ये कातळटप्पे, काही ठिकाणी दोर लागतो. पावसाळ्यात ही घळ म्हणजे वाट राहत नाही, पाण्याचा मार्ग होते.

तिन्ही वाटा जातात त्याच मंदिरापाशी, त्याच कोकणकड्यावर. फोटोही सारखेच येतात. मित्राचा फोटो बघून ‘हा करू शकतो तर मी पण’ म्हणताना तो कुठल्या वाटेने वर आला, हे फोटोत दिसत नसतं.

भीमाशंकरचंही तेच. कर्जतजवळच्या खांडसहून वर जायला गणेश घाट आहे आणि शिडी घाट आहे. गणेश घाट लांबचा, पण सरळ. शिडी घाट जवळचा, नावाप्रमाणे लोखंडी शिड्यांचा, आणि शिड्यांच्या मधल्या ओल्या कातळावर पाय कुठे ठेवायचा हे माहीत असावं लागतं. मुसळधार पावसात अनुभवी लोकसुद्धा गणेश घाट धरतात. नवखे लोक मात्र ‘शॉर्टकट’ म्हणून शिडीकडे वळतात.

उंची बघून काय कळतं?

फार कमी. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. आकडा ऐकून छाती दडपते. पण बारी गावातून वर जाणारी वाट मळलेली आहे, कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि नवरात्रात आसपासच्या गावांतले आजी-आजोबा देवीला जाऊन येतात. याउलट रायगडासमोरचा लिंगाणा जेमतेम ९०० मीटरच्या आसपास. तिथे मात्र दोर, हेल्मेट आणि प्रस्तरारोहणाचं तंत्र माहीत असलेली माणसं सोबत नसतील तर पायथ्यावरूनच नमस्कार करून परत यावं.

याचा अर्थ कळसूबाई सोपं आहे असा नाही, बरं का. दम काढणारी सलग चढण आहे. पण ते दमाचं अवघडपण आहे, लिंगाण्याचं अवघडपण वेगळ्या जातीचं आहे. पोस्टरवरचा एक शब्द या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

अवघडपणाची ही दुसरी जात मला हरिहरवर कळली. त्र्यंबकेश्वरजवळचा हा किल्ला त्याच्या कातळात कोरलेल्या, सुमारे ८० अंशांत उभ्या पायऱ्यांमुळे रील्सचा लाडका झालाय. कॉलेजात असताना आम्ही गेलो, तेव्हा पोस्टरवर ‘बिगिनर फ्रेंडली’ होतं. आणि चालण्याच्या दृष्टीने ते खोटंही नव्हतं. पण मधल्या पायऱ्यांवर पोचल्यावर वरून उतरणारी रांग आणि खालून चढणारी रांग समोरासमोर आली. चढायला-उतरायला जिना एकच. खोबणीत बोटं अडकवून आम्ही अर्धा-पाऊण तास तसेच चिकटून उभे होतो. पाठीमागे नुसती हवा. माझ्या वरच्या पायरीवरच्या मुलीला दम लागला नव्हता, तिचे पाय थरथरत होते. ती रोज धावायला जाणारी मुलगी होती. उंचीची भीती वाटते का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. (मलाही नव्हतं. मी खाली न बघता समोरच्या दगडावरचं शेवाळ मोजत होते.)

तेव्हा ट्रेक ठरवताना दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. मी किती वेळ चालू शकते? आणि पायाखाली दरी असताना माझं डोकं शांत राहतं का? पहिल्याचं उत्तर सरावाने दोन महिन्यांत बदलता येतं. दुसऱ्याला जास्त वेळ लागतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उंची सोसत नसेल तर रविवारी गर्दीत हरिहर किंवा कलावंतीण हा पर्यायच नाही, मग पोस्टरवर काहीही लिहिलेलं असो.

आपले पाय नेमके किती तासांचे?

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरतात. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे पाच किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर अडीच तास. पण हा हिशेब सरावाच्या माणसाचा, चांगल्या वाटेवरचा, विश्रांती न धरता केलेला. आपल्याकडे पावसात, चिखलात, तीस जणांच्या गटात तो दीडपट ते दुप्पट धरला तरच जमतो. त्यात वर थांबणं आलं, जेवण आलं, फोटो आले, आणि मग उतरणं.

उतरणं हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. चढताना फुप्फुसं बोलतात, उतरताना गुडघे. पिंप्रीहून भिऱ्याला जाणारा अंधारबनचा ट्रेक बराचसा उताराचाच आहे, म्हणून तो ‘सोपा’ म्हणून खपतो. पण तेरा-एक किलोमीटरच्या त्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात लोक आडवे पाय टाकत, झाडं धरत उतरताना दिसतात. शिवाय एकदा बरंच खाली उतरल्यावर परत फिरायचं म्हटलं तर तेवढंच चढावं लागतं. घसरून पाय मुरगळण्याची वेळ बहुतेकदा परतीची असते. पाय थकलेले असतात, उजेड कमी होत असतो आणि लक्ष बसमधल्या जागेवर असतं.

स्वतःची परीक्षा घ्यायला जिम लागत नाही. गेल्या महिन्याभरात तुम्ही सलग तीन तास चाललात का? पाठीवर दोन लिटर पाणी आणि डबा घेऊन दहा मजले चढल्यावर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतं का? दोन्ही ‘नाही’ असतील तर तुमच्यासाठी चार तासांची चढण ‘मॉडरेट’ नाही. तिकोना, कोरीगड, लोहगड इथून सुरुवात करा. कोरीगडाला आणि लोहगडाला वरपर्यंत पायऱ्या आहेत, त्यामुळे वाट चुकण्याची भीती कमी आणि जमलं नाही तर सरळ मागे फिरता येतं. मागे फिरता येणं हा नवख्यांसाठी फार मोठा निकष आहे. पोस्टरवर तो कधीच नसतो.

आणि महिना?

तीच वाट जानेवारीत वेगळी आणि जुलैत वेगळी. भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांदण दरी हिवाळ्या-उन्हाळ्यात अफलातून जागा आहे. दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मध्ये अरुंद फट. पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी वाहतं आणि आत अडकलेल्याला बाजूला चढून जायला जागा नसते. सह्याद्रीचा काळा बसाल्ट कोरडा असताना बुटाला छान पकडतो, शेवाळ धरलं की साबणासारखा होतो. उन्हाळ्यात त्रास वेगळा. मुरमाड घसाऱ्यावरून पाय सुटतात आणि टाक्यांतलं पाणी आटलेलं असतं.

ओढा हा पावसाळ्यातला आणखी एक फसवा प्रकार. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे जाता, वर डोंगरात दोन तास कोसळतो, आणि दुपारी परतताना तिथे कमरेएवढं पाणी असतं. पुढे जायला जमलं म्हणजे मागे यायला जमेल असं नाही. त्यामुळे वाटेत ओढे किती आणि पाणी वाढलं तर परतीची दुसरी वाट कुठली, हे आधीच विचारून ठेवायचं. याचं उत्तर आयोजकापेक्षा पायथ्याच्या गावातल्या माणसाकडे जास्त नेमकं असतं. वाटाड्याचे पैसे हा ट्रेकच्या खर्चातला सगळ्यात वाजवी खर्च आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जायचंय, पण कशासाठी?

हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण निवड यावरच ठरते. किल्ला बघायचा असेल तर अशी वाट निवडा की वर पोचल्यावर तुमच्यात किल्ला बघायची ताकद उरेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले आले, त्यात राजगड, साल्हेर, लोहगड आहेत. त्यानंतर ‘बारा किल्ले पूर्ण’ करायची टूम निघाली. पण राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला नीट बघायला एक दिवस पुरत नाही. धावतपळत बालेकिल्ल्यावर सेल्फी काढून उतरलात तर व्यायाम झाला, किल्ला राहिला.

दम वाढवायचा असेल तर नवीन जागा शोधायचीही गरज नाही. पुण्यातले कित्येक जण दर आठवड्याला सिंहगडच चढतात आणि घड्याळ लावून स्वतःशी स्पर्धा करतात. लांब चालायची सवय हवी असेल तर डझनभर टेकड्यांची चढ-उतार असलेला कात्रज ते सिंहगड आहे. पाऊस आणि ढग एवढंच हवं असेल तर लोणावळ्याहून राजमाचीपर्यंतचा बराचसा सपाट रस्ता पुष्कळ झाला. आई-बाबांना किंवा लहान मुलांना न्यायचं असेल तर गटातल्या सर्वांत हळू माणसाच्या वेगाने हिशेब करायचा. तुमच्या वेगाने नाही.

सह्याद्री जमला, आता हिमालय?

हल्ली हा पुढचा टप्पा ठरलेलाच असतो. चार-पाच गड झाले की केदारकांठा किंवा हम्प्टा पासचं बुकिंग. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि आपलं सर्वोच्च शिखर आहे १,६४६ मीटरचं. म्हणजे सह्याद्रीत शंभर ट्रेक केले तरी तुमचं शरीर उंचीवर कसं वागेल, हे त्यातून कळत नाही. केदारकांठा सुमारे ३,८०० मीटर, हम्प्टा पास ४,२०० मीटरच्या वर. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं ही पहिली लक्षणं. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. तंदुरुस्त माणसाला हे होत नाही असं अजिबात नाही. उलट तो भराभर चढतो आणि अडचणीत येतो.

डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. म्हणून हिमालयाचा ट्रेक निवडताना शिखराची उंची बघण्याआधी मुक्कामांची यादी मागवा. कुठल्या रात्री किती मीटरवर झोपायचं आहे? सुट्टी कमी म्हणून सहा दिवसांचा ट्रेक चार दिवसांत बसवून देणारा आयोजक तुमच्यावर उपकार करत नसतो.

आणि हवामान. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्त्रताल ट्रेकवर कर्नाटकचा गट खराब हवामानात सापडला आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. बाकीच्यांना बाहेर काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टर लागली. त्या गटात नवखेच होते असंही नाही. ४,००० मीटरच्या वर वाऱ्यात भिजलेला माणूस काही तासांत गारठून जातो, आणि तिथे दोन तासांवर रस्ता नसतो.

ज्यांना ट्रेकिंगच्या पुढे जाऊन खरोखर गिर्यारोहण करायचं आहे, त्यांनी एकामागून एक ट्रेक बुक करत बसण्यापेक्षा उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थांतला बेसिक कोर्स करावा. बर्फावर चालणं, दोर वापरणं आणि वेळेवर माघार घेणं तिथे रीतसर शिकवतात.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

आयोजकाला एवढंच लिहून पाठवा. कोणत्या गावातून, कोणत्या वाटेने चढायचं आणि कोणत्या वाटेने उतरायचं? किती माणसं आणि त्यांच्यामागे किती लीडर? प्रथमोपचार येणारा कोण आहे? किती वाजता, जिथे असू तिथून परत फिरायचं? जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश किंवा वन खात्याची परवानगी बघितली आहे का? (हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) परत फिरायच्या वेळेच्या प्रश्नावर लीडर गडबडला, तर बाकीची उत्तरं कितीही चांगली असली तरी मी त्या गटासोबत जाणार नाही.

आणि आपण अडकलो तर शोधायला कोण येतं, हेही माहीत असू द्या. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र मंडळ किंवा अशीच ठिकठिकाणची पथकं ही नोकरी-धंदा सांभाळून येणाऱ्या स्वयंसेवकांची आहेत. रात्री अकरा वाजता फोन आला की पावसात तीच माणसं डोंगर चढतात. त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो तो माणसाला खाली आणण्यात नव्हे, तर तो नेमका कुठे आहे हे शोधण्यात. त्यामुळे निघताना घरच्यांना फक्त गडाचं नाव सांगू नका. पायथ्याचं गाव, वाट आणि परतायची वेळ लिहून पाठवा. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन लागला नाही तर त्यांनी ११२ ला कळवायचं, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा. दऱ्याखोऱ्यांत रेंज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून तो मेसेज पायथ्याला पोचल्यावर नाही, घरातून निघतानाच पाठवायचा.